कमरेखाली हात नाही

आमच्या घरात कुस्तीचा नियम एकच होता. कमरेखाली हात लावायचा नाही. हा नियम दादाने केला होता, कारण लहानपणी पोलिओ झाल्यापासून त्याच्या पायांत जीव नव्हता. डावा पाय तर माझ्या मनगटाएवढाच राहिला होता. तो घरभर हातांवर सरकत फिरायचा आणि त्यामुळे त्याचे खांदे, दंड, पंजे असे काही तयार झाले होते की आमच्या गावात, जूचंद्रात, त्याच्याशी पंजा लढवायला कोणी बसत नसे.

भात झोडून झालं की खळ्यावर पेंढा पसरलेला असायचा. तिथे तो बसायचा आणि मला गुडघ्यांवर उभं करायचा. मग छातीला छाती लावून, हात पाठीमागे गुंफून आम्ही एकमेकांना पाडायचो. म्हणजे तो मला पाडायचा. तो माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा होता. बरगड्यांभोवती त्याच्या हातांचा विळखा पडला की श्वास अर्धा व्हायचा.

"लांब राहून ढकलू नको," तो म्हणायचा. "छाती लाव. छाती लावल्याशिवाय मानूस उचलत नाय."

बाबा मिठागरावर कामाला होते, ते मी शाळेत असतानाच गेले. दादाने घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. ओट्यावर बसूनच तो धान्याचे डबे एका हाताने उचलून ओतायचा. घर त्या गिरणीवर चाललं आणि माझी कुस्तीही.

पण मातीवर मला कुस्ती येत नव्हती, हे मला पहिल्या जत्रेत कळलं. समोरच्या पोराने सलामी झाल्या झाल्या खाली वाकून माझा पाय उपसला आणि मी आभाळाकडे बघत पडलो. पायाला हात लागू शकतो हे माझ्या अंगाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या जत्रेत तेच, तिसऱ्या जत्रेतही तेच. लोक हसले. दादा कुंपणाशी त्याच्या तीनचाकी स्कूटरवर बसून होता, तो हसला नाही. त्याचा चेहरा पाहून मला पडल्यापेक्षा जास्त लागलं.

त्या तिसऱ्या जत्रेत विरारकडे मॅटवर पोरांना कुस्ती शिकवणारे एक सर आले होते. ते माझ्यापाशी आले. माझे खांदे चाचपून म्हणाले, "तुला पाय सांभाळता येत नाही. पण पडायच्या आधी तू त्याच्या काखेत हात घातला होतास, तो सोडवताना त्याचा जीव गेला. हे तुला कोणी शिकवलं?"

मी दादाकडे बोट दाखवलं. सर दादाच्या स्कूटरपाशी गेले, त्याच्या पायांकडे बघितलं, मग हात पुढे केला. दादाने तो हातात घेतला. सरांनी बराच वेळ सोडला नाही, की दादाने सोडला नाही, ते मला समजलं नाही.

"अशी एक कुस्ती आहे," सर त्याला म्हणाले, "ग्रीको-रोमन. तिच्यात कमरेखाली धरणं चालतच नाही. पायाला हात लावला तर पंच शिट्टी मारतो."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "मंग आपलीच हाय ना ती," तो म्हणाला.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. रोज पहाटे मी सरांच्या हॉलवर जायचो, संध्याकाळी गिरणी बंद झाली की खळ्यावर दादाबरोबर. सर मला डाव शिकवायचे आणि दादा त्यातला जोर शिकवायचा. मागून कंबर धरून समोरच्याला उचलायचं, आपण मागे कमान करायची आणि त्याला डोक्यावरून पलीकडे फेकायचं, हा माझा डाव झाला. राज्यात त्या डावाने मला ओळखू लागले. माझे कान चुरगळून घट्ट झाले, नाक एकदा मोडलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत माझ्या वजनगटात मी पहिला आलो. पुढच्या वर्षी पुन्हा आलो. खेळाडूंच्या कोट्यातून मला नोकरीही लागली.

महाराष्ट्रात कुठेही स्पर्धा असली की दादा यायचा. मॅटच्या कडेला कुणीतरी त्याला खुर्ची द्यायचं, पण तो खाली जमिनीवरच बसायचा. बाकीचे लोक काय काय ओरडत असायचे. तो ओरडायचा नाही. मी आणि समोरचा दोघंही अडकून पडलो, कोणालाच काही सुचेना, की त्याचा बारीक आवाज यायचा, "छाती लाव." मी लावायचो.

मग त्याचे पाय सुजायला लागले. आधीच निकामी पाय, त्यामुळे त्याने बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. चेहरा सुजला तेव्हा आईने ओरडून त्याला दवाखान्यात पाठवलं. रक्तदाब कधीचा वाढलेला होता आणि दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. वसईच्या एका हॉस्पिटलात एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. आल्यावर तो गिरणीवर बसायचा, पण डबे आता दोन्ही हातांनी उचलायचा.

आईला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नव्हती. मी दादाला न सांगता माझ्या तपासण्या करून घेतल्या. जुळत होतं सगळं. डॉक्टर बाई स्वभावाने सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "एका किडनीवर माणूस उत्तम जगतो. नोकरी करा, संसार करा, सगळं करा. पण कुस्ती विसरायची. राहिलेल्या किडनीवर मार बसला तर तुमचीही गत तीच."

मी तिथेच हो म्हणालो. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. विचार करायला लागला तो घरी आल्यावर, कारण दादा ऐकेना.

गिरणी बंद होती. तो ओट्यावर, मी खाली पायरीवर, आई आतल्या दारात उभी.

"नाय घेनार," तो म्हणाला.

"का?"

"तुझी कुस्ती जाईल."

"जाऊ दे. दोनदा पहिला आलो, पुरे झालं."

"तुला पुरं झालं असेल." तो थोडा वेळ पट्ट्यावरचं पीठ बोटाने पुसत राहिला. "मला जन्मात कोनी मैदानात उतरवला नाय. तू उतरलास तवा मी उतरलो. ते बंद करून मी जगून काय करू? पीठ दळू?"

"दळ ना," मी म्हणालो. "दळ पीठ. आम्हाला तू पाहिजेस."

त्याने आईकडे पाहिलं. ती आत निघून गेली.

असं महिनाभर चाललं. शेवटी सरांनी मध्ये पडून तोड काढली. राष्ट्रीय स्पर्धा जवळ आली होती. त्यातून परदेशी जाणारा संघ निवडायचा होता. दादा म्हणाला, "एवढी एक खेळ. सोनं आन. मंग मी गप टेबलावर झोपतो, तुला पायजे तिथं काप." डॉक्टर बाईंनाही मी विचारलं. तब्येत स्थिर आहे, तेवढं थांबता येईल, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

स्पर्धा उत्तरेत होती, दादाला येणं शक्य नव्हतं. तो मोबाईलवर बघत होता. शेवटच्या लढतीत समोरचा पोरगा माझ्यापेक्षा तरुण होता, आणि पहिल्या फेरीत मी मागे पडलो. कडेला ओळखीचा आवाज नव्हता. तरी मी आत घुसलो, त्याला मागून धरलं, उचललं आणि टाकलं. मॅटवर तो पडल्याचा आवाज आला तेव्हाच मला माहीत होतं की ही माझी शेवटची कुस्ती. पंच हात वर करत होता आणि मी रडत होतो. लोकांना वाटलं आनंदाने. खरं तर आनंदही होता. आता घरी जायचं आणि दादाला बरं करायचं, एवढंच डोक्यात होतं.

फोन केला तर पलीकडे गिरणीचा आवाज. म्हणाला, "बघितली. ये आता."

घरी आलो. निवड झाल्याचं, शिबिराला हजर राहायचं कळलं. मी सरांना नाही म्हणून सांगितलं. सर नुसती मान हलवत राहिले. ऑपरेशनआधीच्या तपासण्या, दाखले, मंजुऱ्या चालू झाल्या. दादा आता कशालाच नाही म्हणत नव्हता. आईला म्हणाला, बरा झालो की यंदा दिवाळीला गावच्या प्रदर्शनात रांगोळी काढीन. आमच्या गावात रांगोळीचे मोठे कलाकार आहेत. दादाही जमिनीवर बसून चांगले चेहरे काढायचा. आईने लगेच कपाटातले रंगांचे डबे काढून पुसून ठेवले.

मग त्याला थंडी वाजून ताप आला. डायलिसिससाठी मानेत नळी घातली होती, तिथून जंतू रक्तात गेले होते. ताप उतरला, पुन्हा चढला. जंतू हृदयापर्यंत पोहोचलेत असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. "आत्ता ऑपरेशन नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "आधी हे आवरू दे." मी त्यांना विचारत राहिलो की आज नाही तर पुढच्या आठवड्यात का. त्या दर वेळी तेच शांतपणे सांगायच्या. एकदा सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा मी विचारायचं सोडलं.

एका दुपारी नर्सला चादर बदलायची होती. मी म्हटलं, मी उचलतो. वाकून त्याच्या काखेखालून हात घातले, त्याला छातीशी घेतलं आणि उचललं. त्याने आपले हात माझ्या पाठीमागे नेले. बोटं बोटांत अडकवायचा प्रयत्न केला, ती अडकेनात. वजनगट सांभाळण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, समोरच्याला धरलं की मी वजन सांगू शकतो. त्याचं वजन मला सांगता येईना. नर्सने चादर कधीच घातली होती. तरी मी त्याला खाली ठेवलं नाही.

"दमशील," तो कानाशी म्हणाला.

"नाय दमत."

दोन दिवसांनी तो गेला.

लोकांनी मला परत खेळायला लावलं. सर म्हणाले, त्याच्यासाठी खेळ. मी वर्षभर सराव केला, वजन उतरवलं, राष्ट्रीय स्पर्धेत उतरलो. पहिल्याच लढतीत समोरच्याने छातीला छाती भिडवली, आणि मी हात सैल सोडले. मला काही झालं नव्हतं. ताकद होती, दम होता. फक्त कुणाला तसं धरवेना. त्या दिवशी मी मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवले. आमच्यात खेळ सोडणारा तसंच करतो. टाळ्या वाजल्या.

आता मी नोकरी करतो. गिरणी बंद केली. खळ्याच्या पलीकडे शेतं होती, तिथे इमारती उभ्या राहिल्या. आई माझ्याजवळ असते. दादाबद्दल ती बोलते, पण त्या महिन्याबद्दल, गिरणीवर आमचा वाद चालला होता त्याबद्दल, कधी बोलत नसे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ती बोंबील साफ करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तवा त्यानं माझ्याकडं बघितलं व्हतं."

मी म्हटलं, "हो."

"मी घे म्हनले असते, तर त्यानं घेतली असती. माझं ऐकायचा तो." सुरी थांबली. "पन तुझं पोट फाडायचं कसं सांगू? आनि नको घेऊ तरी कसं सांगू? म्हनून आत गेले. चुलीजवळ उभी राहिले नुसती."

मला तिला सांगायचं होतं की तिचं काही चुकलं नाही. तिला ते माहीत होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता. मी तिच्यासमोर खाली बसलो. तिने परातीतले थोडे बोंबील माझ्याकडे सरकवले. मला ते नीट साफ करता येत नाहीत. ती कसं धरायचं ते दाखवत राहिली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते संपवले.