दोरी धरणारा

दोरी मी सोडली होती. हे मी गेल्या होळीपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आणि आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसूनही नाही.

आमच्याकडे बोहाडा असतो. होळी झाली की मोखाड्याच्या आसपासच्या गावांतून देवीच्या नावानं सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यांना वाटून दिलेलं असतं आणि तो मान बापाकडून मुलाकडे जातो. मुखवटाही त्याच घरात, कापडात गुंडाळून माळ्यावर. सोंग घेणारा उपास करतो, दारूला शिवत नाही. सोंग मोठं असेल तर नाचणाऱ्याच्या मागं एक माणूस चालतो. मुखवट्याला बांधलेली दोरी त्याच्या हातात असते. ती त्यानं ताणून धरायची, म्हणजे मुखवट्याचं वजन नाचणाऱ्याला पुढं ओढत नाही. आत जो असतो त्याला भोकांतून हातभर जमीन दिसते, तेवढीच. बाकी सगळा भरवसा मागच्यावर. लोक मात्र मुखवट्याकडं बघतात. दोरी कुणी धरली होती हे दुसऱ्या दिवशी विचारा, सांगता येणार नाही.

माझा शाळेतला मित्र अशाच एका मानाच्या घरातला. त्यांच्याकडं दहा तोंडांचं सोंग होतं. आमचं मोखाड्यात किराण्याचं दुकान, आणि तो पाड्यावरून चालत शाळेत यायचा. बाप गेल्यावर ऐन विशीत त्याच्याकडं सोंग आलं. दोरी त्याचा मेहुणा धरायचा. एका वर्षी मेहुणा वसईकडं वीटभट्टीवर अडकला, मालक सोडेना. मित्र दुकानात येऊन मला म्हणाला, "तू धर."

मी म्हटलं, "मला जमेल का?"

"काय जमायचं त्याच्यात? मागं मागं चालायचं. गल्ल्यावर बसतोस तसं बसून नाय राहायचं, एवढंच."

रात्रभर मी नीट धरली. हे खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. सकाळी शेवटची फेरी चालू होती. संबळवाल्यांचे हात जड झाले होते, पत्र्यांवर ऊन आलं होतं, बायका लेकरांना उठवून घरी न्यायला लागल्या होत्या. पाराजवळ ओळखीच्या एकानं चहाचा ग्लास पुढं केला. "घे रे शेटच्या, रातभर हमाली केलीस." मी दोरी डाव्या हातात घेऊन उजव्यानं ग्लास घेतला. ग्लास चटका बसेल इतका गरम. तो आणखी काहीतरी बोलला, मी हसलो, आणि डावा हात ग्लासाखाली नेला.

मित्र मुखवट्यासकट तोंडावर पडला. एका बाजूची तोंडं फुटली. आतला भिजवून थापलेला कागद बाहेर आला, मळकट, जुना. संबळ थांबला. सगळ्यांत आधी मीच त्याच्याजवळ पोचलो, मुखवटा दूर केला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

"काय झालं रे?" त्यानं मला विचारलं.

मी म्हणालो, "पाय अडखळला तुझा. दगड होता."

गावातला म्हातारा भगत आला. त्यानंही मलाच विचारलं, "तू जवळ व्हतास ना पोरा, काय झालं?" मी सगळ्यांच्या समोर तेच सांगितलं. दगड होता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दगड कुठला? घोटभर टाकली असंल त्यानं." दोघंतिघं हसले. मी गप्प राहिलो. तो उपाशी होता, आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आणि हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, कारण मी त्याच्या सोबतच होतो.

उपास मोडला, म्हणून सोंग पडलं, असं ठरलं. मुखवटा डागडुजी करून दुसऱ्या भावकीकडं दिला. मित्राच्या घरातून तो नेला त्या दिवशी मी दुकानातून हललो नाही.

पुढं मी नाशिकला शिकलो आणि जव्हारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायला लागलो. विषय निवडताना हे सगळं डोक्यात होतं असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं तर त्या विषयाची जागा रिकामी होती. स्मरण हा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय, आणि दरवर्षी त्या आठवड्यात मला जेवण जात नाही.

त्या धड्यासाठी मी वर्गात एक खेळ करतो. तास चालू असताना शिपाई आत येतो, टेबलावरचं डस्टर उचलतो आणि निघून जातो. मी शिकवत राहतो. थोड्या वेळानं मुलांना विचारतो, "लाल शर्टातल्या मामांनी डस्टर कुठल्या हातानं उचललं?" मुलं हातावरून भांडतात. डावा, उजवा, डावा. मग मी मामांना परत बोलावतो. शर्ट निळा असतो. वर्ग ओरडतो, मामा लाजतात.

एका वर्षी दाभोशाकडची एक मुलगी उभी राहिली. "सर, मला खरंच लाल दिसला व्हता."

मागून एक जण म्हणाला, "चष्मा घे गं."

ती वळून म्हणाली, "तू गप. तू पण लालच बोललास." मग माझ्याकडं बघून, "तुम्ही लाल बोलले म्हणून लाल दिसला, सर. चूक तुमची हाय."

वर्ग हसला. मी फळ्याकडं वळलो आणि बराच वेळ पुसलेलाच फळा पुसत राहिलो.

पुस्तकात हे सगळं नीट दिलेलं असतं. ज्याकडं लक्ष नव्हतं ते आत जातच नाही. जे आत गेलं नाही त्याच्या जागी मन नेहमीचं काहीतरी भरतं, जे दरवेळी असतं ते. दुसऱ्यानं सुचवलेलं आपल्या पाहण्यात मिसळतं. आणि ऐकलेली गोष्ट लक्षात राहते, पण कुणाकडून ऐकली ते आधी विसरलं जातं. मुलांना मी मुखवट्याचं उदाहरण देतो, कुठल्या मुखवट्याचं ते न सांगता. बोहाड्याआधी मुखवट्याला नवा रंग देतात. जुना खरवडत नाहीत, वरूनच देतात. भुवई दरवर्षी थोडी जाड होते, ओठ थोडे सरकतात. घरातल्या म्हाताऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की आज्यापासून तोंड हेच आहे. आठवण काढतो तेव्हा आपण तिला रंगच देत असतो. मुलांना हे पटकन कळतं, कारण रंग देताना त्यांनी पाहिलेलं असतं.

माझ्या मित्राची आठवण रंगताना मी पाहिली आहे.

पहिल्या वर्षी तो म्हणायचा, "काय झालं कळलंच नाय. एकदम पुढं गेलो." हे बरोबर होतं. दोरी सुटली की तसंच होतं. नंतर म्हणायला लागला, "दगड व्हता म्हणतात." आणखी काही वर्षांनी त्यातलं "म्हणतात" गेलं. मग दगडाला आकार आला, "असा चपटा, वर आलेला." मग पायाचा अंगठा आला. एकदा मोखाड्याच्या बाजारात, भाजी घेता घेता, तो सहज म्हणाला, "घोटभर घेतलीच असंल मी तवा. नायतर कसा पडलो असतो?"

मी हातातली मेथीची जुडी परत पाटीत ठेवली. म्हणालो, "नाही रे, तू घेतली नव्हतीस."

"तुला काय ठावं? तू काय माझ्या तोंडात बसला व्हतास?" आणि हसला.

तेव्हा सांगता आलं असतं. बाजार होता, जीप सुटायची होती, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली.

गेल्या वर्षी गोष्ट वेगळ्याच बाजूनं उभी राहिली. ज्या भावकीकडं मुखवटा होता त्यांची मुलं ठाण्याकडं कामाला गेली, नाचणारं कुणी उरलं नाही. गावानं ठरवलं, सोंग मूळ घरी परत द्यावं. मित्राचा मुलगा तयार होता. मित्र नाही म्हणाला. त्याच्या बायकोनं मला फोन केला. "सर, तुम्ही तरी सांगा यांना. पोरगा रडकुंडीला आलाय. हे बोलतात, माझ्या पापानं पडलं ते आता माझ्या घरात नको. गावाला राग नाय, यांनाच हाय."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मोखाड्यापर्यंत बसनं, पुढं जीपनं, मग चालत. तो अंगणात कुडाला शेण लावत होता. मला बघून हात न धुताच म्हणाला, "मास्तर आले. म्हंजे हिनं फोन केला."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. दोरी माझ्या हातात होती, मी चहा घ्यायला सोडली, दगड नव्हता, दगडाचं मी खोटं सांगितलं, तू दारू घेतली नव्हतीस. सगळं एका दमात. इतकी वर्षं मनात घोकलेलं, पण तोंडातून फार थोडक्यात आलं.

त्यानं हात थांबवला नाही. "दोरी मेहुण्याकडं व्हती."

"मेहुणा त्या वर्षी वसईला होता."

"तो दरवर्षी धरायचा."

"त्या वर्षी नाही. तू मला दुकानात विचारायला आलास."

"तू व्हतास पाराजवळ. चहा पीत व्हतास, मला आठवतंय ना. तिथनं धावत आलास. मुखवटा काढला तवा पहिलं तोंड दिसलं ते तुझं. रगत पुसलंस तू माझं." आता त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत माया होती. "हिनं पढवलं ना तुला? पोराला सोंग मिळावं म्हणून माझा आळ अंगावर घेतोस? तू पहिल्यापासून असलाच."

त्यानं पाय पुढं केला. "हा अंगठा बघ. थंडीत अजून ठणकतो. दगड नव्हता तर हे काय?"

तो अंगठा त्यानं नांगरणीत चेचून घेतला होता. पण त्याला आता तसं सांगून काय होणार होतं? त्याच्याकडं दगड होता, अंगठा होता, घोटभर दारू होती. माझ्याकडं फक्त माझं बोलणं. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, आणि तो मला प्यावा लागला. निघताना त्यानं नेहमीसारखी नाचणीची पिशवी माझ्या हातात दिली. दरवर्षी देतो, त्या सकाळी मी धावत आलो म्हणून.

जीपमध्ये मी माझीच उलटतपासणी केली. कुणाला न सांगितलेली आठवण कोरी राहते असं मला वाटायचं. तसं नसतं. गप्प माणूसही आतल्या आत रंग देतच असतो. पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगत होतो की दोरी निसटली. पुढं सोडली म्हणायला लागलो. दोन्हींतलं खरं कुठलं? अपराधाची सवय झालेला माणूस स्वतःवर जास्तच घेतो, हेही मी वर्गात शिकवलेलं आहे. डावा हात ग्लासाखाली गेला हे मला स्पष्ट दिसतं, पण मी स्वतःला समोरून पाहतोय असं दिसतं, आणि स्वतःला समोरून कुणी पाहिलेलं नसतं. ग्लासाचं पुढं काय झालं ते तर आठवतच नाही.

म्हणजे त्याच्या दगडावर मी विश्वास ठेवत नाही, तर माझ्या हातावर कुणी का ठेवावा?

पण हे सगळं वजा केलं तरी काही उरतंच. भगतानं मला विचारलं होतं. मी दगड पाहिला नव्हता आणि पाहिला असं सांगितलं. दोरी निसटली की सोडली, याच्याशी त्या वाक्याचा संबंध नाही. आणि तो उपाशी होता हे माहीत असून, दारूचं नाव निघालं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. भगत आता नाही. पण ऐकणाऱ्यांतली बरीच माणसं आहेत, आणि त्यांच्या पोरांना तीच गोष्ट सांगितली गेली आहे.

मित्राला एकट्याला अंगणात सांगून मी मोकळा झालो असं नाही. खोटं मी त्याला एकट्याला सांगितलंच नव्हतं. ते पारासमोर, गावाला सांगितलं, आणि गावाकडून फिरून ते त्याच्या आठवणीत गेलं. ते काढायचं तर गावानंच काढायला हवं. माझ्यावर त्याची माया आहे, आणि ती मायाच त्याला माझं एकट्याचं बोलणं ऐकू देत नाही.

गेल्या बोहाड्यात दहा तोंडांचं सोंग निघालंच नाही. मुखवटा सध्या देवळात आहे, कापड न गुंडाळता. होळीच्या आधी गाव पुन्हा बसणार आहे. त्याच्या बायकोनं मला तसं कळवलं, आणखी काही म्हणाली नाही.

माझ्यावर देणं आहे ते हे: त्या बैठकीत उभं राहायचं, मित्राच्या देखत, आणि सांगायचं की दोरी माझ्याकडं होती, दगड मी पाहिला नव्हता, आणि हा माणूस उपाशी होता. त्यानं मला खोटं पाडलं तरी सांगायचं. ते मी अजून केलेलं नाही.