टाकीच्या बोल्टाचे आटे

बाबांच्या जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीचा गंजलेला बोल्ट मी दुकानातल्या काकांना दाखवला. त्यांनी एक नवा, चकचकीत पुढे केला. मी दोन्ही एकमेकांना टेकवून उजेडाकडे धरले. आटे आट्यांत बसत नव्हते. मधून फटी दिसत होत्या.

"पान्यानं आवळला की बसतो गं. नाहीतर भावाला पाठव."

जोर लावला की बसतंच सगळं. टाकीच्या आतले आटे मात्र कायमचे जातात, आणि तशी टाकी आता कुठे मिळत नाही. कितीदा तरी मी नुसतं 'चालेल' म्हणून दुकानांतून, माणसांतून निघून आले आहे.

"भाऊ नाही, काका. दुसरा दाखवा."

त्यांनी जुन्या बोल्टांचा डबाच माझ्यापुढे सरकवला. "शोध मग, बस संध्याकाळपर्यंत!"

मी स्टूल ओढलं आणि बसले.