उपासाला चालणारी बाटली

आम्ही मुली तेव्हा दारूला किती नाकं मुरडायचो, ते आता कोणाला सांगून खरं वाटायचं नाही. अमरावतीला कॉलेजात आम्ही इनमिन सहा जणी, एकाच बोर्डिंगात राहायचो. बोर्डिंगच्या बाईंनी आमच्याकडून शपथेचा कागद लिहून घेतला होता: दारूला शिवणार नाही, दारुड्याशी लग्न करणार नाही. पहिली सही अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीची. तिचा बाप भाजी पिकवणारा, रोज पिणारा. बी. ए. करून मास्तरीण व्हायचं आणि आईला त्या घरातून काढायचं, एवढाच तिचा ध्यास.

आणि मी शहाणी! एकादशीच्या दुपारी, वैद्यांनी मला अशक्तपणासाठी दिलेली द्राक्षासवाची भरलेली बाटली काढली. म्हटलं, आंबवलेली असली तरी द्राक्षंच तर आहेत, उपासाला चालतात. तोंड वाकडं न करता कोण जास्त पितं, अशी पैज लागली. अकोल्याची मैत्रीण नको म्हणत होती. "औषधाले काहून भेतं वं?" मीच चिडवलं. मग तिनं ईर्षेनं, रिकाम्या पोटी, एकामागून एक तीन पेले रिचवले. बाई आल्या तेव्हा ती जिन्यात बसून हसत होती आणि हसता हसता ओकत होती. आम्ही बाकीच्या चुळा भरून वह्या उघडून बसलो होतो.

बाटली कोणाची, बाईंनी विचारलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं! घाबरले मी, बस. कोणीतरी पुटपुटलं, "तिचा बाप पितो ना," आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. बाईंनी कागदावरचं तिचं नाव खोडलं आणि तिला घरी न्या म्हणून बापाला तार केली.

दुसऱ्या दिवशी बाप न्यायला आला. शुद्धीत, धुतलेलं धोतर नेसून. "बाई, मी पेतो. माही पोरगी नाई पेत. शिकू द्या तिले." हात जोडून उभा होता बिचारा. बाई ऐकेनात. मी दाराआडून सगळं ऐकत होते, तेव्हाही गप्पच राहिले.

नागपूर विद्यापीठाचा निकाल आला, मी बी. ए. झाले. पुढे अकोल्याच्या बाजारात ती दिसली, वांग्यांच्या ढिगामागे. शेजारी नवरा भरदुपारी पिऊन आडवा झालेला. मला रडू आवरेना. म्हटलं, "बाटली माझी होती, हे मी सांगायला पाहिजे होतं."

"म्याई नाई सांगतलं," ती तागडी उचलत म्हणाली. "मले वाटे, तू सांगशीन."

मग तिनं विचारलं, शेरभर देऊ का अर्धा.