नाकात राहिलेली पट्टी

दीपकच्या नाकात दुर्बीण घातली आणि मास्कच्या आत मी श्वास रोखून धरला. इतका वास होता.

"माफी करा, मॅडम," तो म्हणाला. "माझं मला काय समजत नाय, पण लोकांना येतो."

दीपक हिरकणीवाडीचा. रायगडावर गाईडचं काम करतो. नाकाचा पडदा वाकडा, चढताना दम कोंडायचा, म्हणून महाडला माझ्या दवाखान्यात आला होता. ऑपरेशनला मुंबईला सरांकडे मीच पाठवलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

अशा ऑपरेशननंतर रक्त थांबावं म्हणून नाकात गॉजच्या पट्ट्या दाबून भरतात. त्याला आम्ही पॅक म्हणतो. एक-दोन दिवसांत तो काढायचा असतो. मुंबईत दीपकच्या नाकातला पॅक काढताना एक तुकडा आत, अगदी मागे राहून गेला. कित्येक महिने तो तिथे कुजत होता. मधे दीपक मुंबईला दाखवायलाही गेला. अ‍ॅलर्जी आहे, नाक धूत जा, असं सांगून त्याला परत पाठवलं. इकडे गडावर माहिती सांगायला उभा राहिला की पर्यटक मागे सरकायचे. घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण धाकटी मुलगी मांडीवर बसेनाशी झाली होती.

चिमट्याने तो काळा पडलेला तुकडा ओढून मी ट्रेमध्ये ठेवला. दीपक बघत राहिला.

"हे माझ्या नाकात कुठून आलं, मॅडम?"

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. ऑपरेशनच्या वेळचं आहे, काढायचं राहिलं, असं मी सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघवेना. दोष आमच्या लोकांचा, आणि माफी तो मागत होता.

संध्याकाळी सरांना फोन केला. वाटलं, ते त्याच्याशी बोलतील. ते म्हणाले, "पेपरवर क्रस्ट काढलं असं लिही."

क्रस्ट म्हणजे नाकात धरणारी खपली. ती कोणालाही धरते, त्यात डॉक्टरचा दोष नसतो.

"सर, तुम्ही त्याला एकदा फोन करा."

"फोन केला की चूक कबूल केल्यासारखं होतं. एवढी वर्षं प्रॅक्टिस करतेस, कळायला हवं."

मी गॉज असंच लिहिलं.

दीपकने ग्राहक आयोगात तक्रार केली. मला साक्षीला बोलावलं. हा गॉज तुमच्याच दवाखान्यात राहिला नसेल कशावरून, असं सरांच्या वकिलाने विचारलं. त्या नाकात मी कधीच पॅक भरला नव्हता, तसं सांगितलं. सर समोरच बसले होते, मोबाईलमध्ये बघत. हा प्रश्न वकिलाला त्यांच्याशिवाय कोण सुचवणार? दुर्बीण धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्याकडे बघायची मलाच लाज वाटली.

निकालाआधी तडजोड झाली. सरांनी भरपाई दिली, चूक मात्र मान्य केली नाही. सही करून ते सरळ गाडीत जाऊन बसले.

बाहेर दीपक म्हणाला, "राहिला आमच्याकडून, एवढं जरी बोलले असते, तरी मी हितपर्यंत आलो नसतो."

सरांच्या वतीने मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली, पण ते त्याला माझ्याकडून नको होतं.

आता माझ्याकडे पॅक काढला की प्रत्येक पट्टी मी पेशंटला दाखवते आणि दुर्बिणीने आत पुन्हा बघते. काहींना किळस येते. येऊ दे.