बेळ्ळंदूरची काळी माशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापाशी तर माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही हसाल म्हणून. निदान निम्म्यापर्यंत तरी हसाल.

साठ साल उजाडायचं होतं. बेंगळुरात मधमाश्या पाळणाऱ्या एका खात्यात मी नवाच लागलो होतो. काम मजेचं — सायकलने गावोगाव जायचं, वीस-वीस माश्या स्पिरिटच्या बाटलीत घालून आणायच्या, भिंगाखाली पंख मोजायचे. सगळीकडची माशी सारखी निघाली, तर कुठलीही पेटी कुठेही हलवायला साहेब मोकळे.

पेट्या सांभाळणारे म्हातारे अण्णा मात्र छातीठोक सांगायचे, "बेळ्ळंदूर तळ्याकाठची माशी स्वल्प बारीक, काळी असते रे. तिच्यात बाहेरची घालू नका. नाहीशी होईल ती."

आता मोजायचं कुणी? मी. आणि मला — काय सांगू — उन्हात सायकल हाणायचा भारी कंटाळा! आमच्या परसात थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मडक्यात माश्या पाळल्या होत्या. पहिल्या गावची, के. आर. पुरमची, बाटली मी तिथंच भरली. खपून गेली. मग काय? बेळ्ळंदूरसकट सातही गावं मी परसातच उपमा खात पालथी घातली.

पंख तंतोतंत जुळले. न जुळून सांगतात कुणाला — एकाच राणीच्या लेकी! साहेब खूश. बेळ्ळंदूरला परगावच्या पेट्या अण्णांनीच नेऊन ठेवल्या. वर मला म्हणाले, "तू मोजलंस ना, मग सरी, बरोबरच असणार. माझंच चुकलं असेल." तेव्हा तरी बोलायचं होतं — नाही बोललो.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी ते म्हणाले, "काळी माशी कुठं दिसेना रे. की माझे डोळेच गेले?"

"डोळेच असतील, अण्णा," मी म्हणालो.

हे ते. एवढंच सांगायचं होतं — आणि नेमकं हेच सांगवत नव्हतं.

बिचाऱ्यांनी नवा चष्मा केला. मग माशी शोधायला बेळ्ळंदूरला मीच त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन निघालो. वाटभर थट्टामस्करी चालली होती. फाटा आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कुठं वळू, अण्णा?"

याच वाटेनं तर मी वीस माश्या आणल्या होत्या म्हणे! मग अण्णा म्हणाले, "डावीकडं."

तळ्याशी उतरले तेव्हा नवा चष्मा त्यांच्या खिशात होता.