वाऱ्याखालचे बाक

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोललो. तेव्हाही हे गिळलं. आता पंचाहत्तरी उलटली. आता लिहितो.

मी पूर्णगडचा. बाप होडीवर, आई सुकी मासळी विकायची. तिसरीत असताना गुरुजींनी माझी पाटी छडीच्या टोकाने बाजूला सारली. हात लावला नाही. म्हणाले, "हात धुवून येत जा. वास येतो." वर्ग हसला. मी विहिरीवर जाऊन वाळूने हात घासले. रक्त आलं. वास गेला की नाही ते कळेना, कारण मला तो कधी आलाच नव्हता.

त्या दिवशी ठरवलं, पुन्हा कुणाला माझा वास येऊ द्यायचा नाही. शिकलो. रत्नागिरीत हायस्कूलमध्ये मास्तर झालो. गाव कुठलं विचारलं की लांजा सांगायचो. लांज्यात मावशीकडे राहून चार वर्षं शिकलो होतो, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. आणि लांज्याला समुद्र नाही.

सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. बरीचशी मुलं पेठेतल्या, नोकरदारांच्या घरची. आठ-नऊ मासेमारांची. त्यांत हिंदू होती, मुसलमान होती. एक दिवस हेडमास्तरांनी बोलावलं. "पालकांची तक्रार आहे, सर. तुमच्या वर्गात मासळीचा वास मारतो. बोभाटा न करता काहीतरी करा."

मी केलं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दुपारी उलटतो. तो खारा. भूगोलात हे सगळ्यांनाच शिकवतात. पण तो नेमका कधी पडतो, कधी फिरतो, हे अंगाला कळावं लागतं. मला ते बापाने होडीत बसवून शिकवलं होतं. त्याच विद्येने मी बाक लावले. सकाळी ती मुलं समुद्राकडच्या खिडकीपाशी, मधल्या सुट्टीनंतर उलट बाजूला, दाराच्या भिंतीला. कायम वाऱ्याखाली. त्यांच्या अंगावरून गेलेला वारा बाकीच्यांकडे न येता थेट बाहेर. मुलांना सांगितलं, "फळा सगळ्यांना नीट दिसावा म्हणून."

हेडमास्तर खूष. "डोकं लढवलंत हो!"

मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. मला बरं वाटलं.

मग नागरिकशास्त्राचा धडा आला. भेदभावाचा. मी फळ्यावर एका बाजूला 'आपण' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'ते'. मध्ये रेघ मारली. विचारलं, "ही रेघ कोण मारतं?"

वनिताने हात वर केला. वाऱ्याखालच्या बाकांवरची मुलगी. वर्गात सगळ्यांत हुशार.

"सर, सकाळी आम्ही खिडकीशी, दुपारी दाराशी. फळा तर तिथंच आहे. मग आम्हीच का फिरतो?"

"खाली बस."

"माझा बापूस बोलला, हे बाक ज्यानं लावले त्याला वारा कळतो. तो दर्यावरचाच माणूस असणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती मला उघडं पाडायला उठली नव्हती. बापाच्या हुशारीचं कौतुक होतं तिच्या तोंडावर. पण मला वाटलं, आता सगळ्यांना पूर्णगड कळणार. आणि मी म्हणालो, "हात धुवून येत जा. वास येतो."

तेच शब्द. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वर्ग हसला. तेच हसणं.

ती रडली नाही. मी पुन्हा म्हटलं, "बस."

"मी नाय बसायची या बाकावर."

शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतर कधीच नाही. मी हजेरीत गैरहजेरी मांडत गेलो आणि एक दिवस तिच्या नावावर लाल रेघ मारली. तिचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. गेलो नाही. बाक वर्ष संपेपर्यंत तसेच फिरत राहिले.

गेल्या महिन्यात त्याच शाळेतून बोलावणं आलं. नववीच्या मुलांशी 'आपण आणि ते' यावर बोला. संस्थेचे चिटणीस म्हणाले, "तुम्ही हयातभर समता शिकवलीत, सर. तुमच्याशिवाय कोण?"

गेलो. आधी गाव सांगितलं. पूर्णगड. मग वारा सांगितला, बाक सांगितले, वनिता सांगितली. चिटणीस खुर्चीवरून उठून माझ्या कानाशी आले. "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेचं नाव जातंय."

मी माइकवरूनच म्हटलं, "जाऊ दे. एक मुलगी गेली तेव्हा कुणाचं काही गेलं नव्हतं."

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. "मग सर, तुम्ही त्यांना सॉरी बोललात?"

मी माइक खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेलो. वनिता तिथे मासळी विकायला बसते हे मला ठाऊक होतं. म्हणून तर इतकी वर्षं बायकोला बाजाराला धाडत आलो. वनिताचे केस पिकलेत. पुढ्यात बांगडा मासळीची पाटी. तिने लगेच ओळखलं.

"काय ओ सर, वाट चुकलात? तिथं नका उभे राहू. वारा तुमच्याकडं आहे. हिकडल्या बाजूस या."

शेजारची बाई फिस्सकन हसली.

मी त्या बाजूला गेलो नाही. वाऱ्यातच उभा राहिलो. तोंड उघडलं आणि निघालं, "बांगडा कसा दिलास?"

पिशवी घेऊन घरी आलो.

शाळा आता बोलावणार नाही. फाटकाबाहेर उभा राहून सांगेन. गाव विचारलं की पूर्णगड सांगेन, न विचारता सांगेन. आणि बंदरावर जात राहीन, तिच्या पाटीच्या वाऱ्याखाली उभा राहीन, हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत:

वनिता, तुझा बापूस बरोबर बोलला होता. बाक मी लावले. चुकून झालं असं म्हणणार नाही. मला वारा कळत होता.