सोमवारी सुट्टी घेणारं चायना मशीन

दिवाळी आटपली आणि पोलादपूरच्या डोंगरावरच्या एका वाडीतून बबनदादांचा फोन आला. "शेट, मशीन बंद पडलं. गवत उभंच हाय. ह्या आठवड्यात कापलं नाय तर वाळून खराट्यासारखं व्हईल. मग म्हशी इकायला लागतील."

पेणला माझं शेतीच्या यंत्रांचं दुकान आहे. सायकलवर फिरून पंप दुरुस्त करता करता ते उभं राहिलं. गवत कापायचं हे मशीन दादांनी सात वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलेलं, चायना माल. दोन पावसाळे काढले तरी खूप, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. आता ते कायमचं गेलं असं धरून मी गाडीत नवं जपानी मशीन टाकलं आणि रविवारी निघालो. फिरणंही होईल आणि धंदाही.

दुपारी महाडला एसटी डेपोजवळ तांदळाची भाकरी आणि बांगडा खाल्ला, दीडशे रुपयांत. संध्याकाळी जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात पाठ शेकून घेतली. जाणार असाल तर टॉवेल आपला न्या. मुक्काम महाडलाच एका साध्या लॉजवर केला.

सकाळी पोलादपूरला पेट्रोल भरलं, कारण पुढे पंप नाही. चहाच्या टपरीवर दोघांची जुंपली होती.

"चायनाची बॅटरी हाय ती. फेकून दे."

"तुझा मोबाईल कुठला रे?"

पहिल्याने मोबाईल उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि गुपचूप खिशात घातला. मी हसलो खरा, पण माझ्या दुकानातही रोज हेच चालतं.

डांबरी रस्ता संपला तिथल्या देवळापाशी गाडी लावली. पुढची चढण तासाभराची. नवं मशीन खांद्यावर घेऊन वर पोचलो आणि पाय थांबलेच. छातीएवढं पिवळं गवत, त्यावरून सरकणारा वारा आणि खाली धुक्यात सावित्रीचं खोरं. कितीतरी वेळ मी नुसता उभा होतो.

बबनदादांच्या पत्नी, सगुणावहिनी, अंगणात मशीन धूत होत्या. मी पाना काढला.

"उद्या, शेट. आज सोमवार."

"म्हणजे?"

"सोमवारी बैल जुपत नाय. ह्याला बी नाय. धुयाचं, पुसायचं, त्याल द्यायचं. चालवायचं नाय."

सात वर्षं दर सोमवारी त्यांनी फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन सावलीत वाळवला होता. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तकात काय लिहिलंय ते गिऱ्हाईक वाचत नाही, आणि इथे ते कुणी न वाचता पाळत होतं.

"उघडून तरी बघू दे," मी म्हटलं. त्यावर त्यांची हरकत नव्हती. पेट्रोलची नळी चिरली होती, एवढंच. माझ्या पिशवीत नळी होती, ती बसवली. झाकणाच्या आत लाल पेनाने हाताने केलेली बरोबरची खूण दिसली, कारखान्यात माल तपासून करतात तशी. शेजारी हळदकुंकू.

"तिकडच्या कारखान्यातल्या कुना बाईची आसंल," वहिनी म्हणाल्या. "दसऱ्याला तिला बी लावते."

"तिकडं चायनात पगार कमी, म्हणून माल हलका," मी दुकानातलं नेहमीचं वाक्य बोलून गेलो.

गोठ्यातून आलेले बबनदादा हसले. "मी मुंबैला चपलांच्या कारखान्यात व्हतो, शेट. पगार कमीच व्हता. म्हणून काय आम्ही चपला वाकड्या शिवल्या?"

"तुमी नवं आणलंत ते बरं दिसतंय," वहिनी हळूच म्हणाल्या. "पन हे उद्या उठलं, तर ते कुनाला द्याल?"

मंगळवारी उजाडताच दादांनी दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा. वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. तिसऱ्यांदा मशीन गुरगुरलं आणि पिवळं गवत पात्यासमोर आडवं पडत गेलं. दूर चीनमधली, कधी न बघितलेली बाई आणि ही बाई, दोघींच्या हातांत मिळून ते सात वर्षं तगलं होतं.

जपानी मशीन खांद्यावर घेऊन मी उतरलो. एक पैसा धंदा झाला नाही. परतीला वहिनींनी तुपाची बरणी मात्र दिली.

परवा दुकानात एक गिऱ्हाईक मशीन उलटंसुलटं करत म्हणालं, "चायना ना? किती दिवस टिकेल?"

पूर्वी मी तोंड वाकडं केलं असतं. आता विचारलं, "तुमच्याकडे बैलांना सुट्टी कुठल्या वारी असते?"